धरलेली जागा

रोपवेच्या तिकीटखिडकीशी ताई चौकशीसाठी गेल्या, त्या दिवशी सकाळचे स्वच्छ ऊन पडले होते. डोंगर इतका जवळ दिसत होता, की हात लांबवावा आणि माथ्यावरची झाडे चाचपून पाहावीत. भिण्यासारखे तेथे काहीही नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. पुढे जे घडले त्याचा दोष धुक्याला किंवा डोंगराला देता यायचा नाही.

ताई टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेल्या. आखणी करावी ती ताईंनीच, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी ठरवलेल्या सहलीत कुणाचा हातरुमालही हरवत नसे. तारेवरून डोंगरमाथ्यापर्यंत जाणाऱ्या त्या पिवळ्या डब्यांना सगळे जण पाळणे म्हणत. समोरासमोर दोन बाकडी, एकेका बाकड्यावर दोन जागा. ताईंनी दाराची कडी हलवून पाहिली, बाकड्याची धूळ बोटावर घेतली आणि मग खाली उभ्या असलेल्या पाळणेवाल्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"धुकं उतरलं तर बंद ठेवता का?"

"धुक्यासाठी बंद ठेवलं तर आम्ही खायचं काय, बाई? धुकंच? वारा सुटला तरच बंद."

"मग वरच्या माणसाला पाळणा आलेला दिसतो कसा?"

"दिसतो कुठं? तसंही म्हाताऱ्याला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. आमचं सगळं कानावर चालतं." त्याने भिंतीवरची लोखंडी मूठ दाखवली. "पाळण्यात जितकी माणसं, तितके टोल द्यायचे. वर घंटा वाजते. जितके टोल ऐकले, तितक्या वेळा तो हात पुढे करतो आणि एकेकाला धरून उतरवतो. उतरताना वरून तो टोल देतो, इथं मी हात देतो."

"आणि मोजण्यात चूक झाली तर?"

"तो चुकत नाही. मी चुकलो तर माणूस वरच राहायचा," असे म्हणून पाळणेवाला आपल्याच विनोदावर पोट धरून हसला.

ताई हसल्या नाहीत. कामाच्या जागी विनोद त्यांना आवडत नसे.

सहलीचे निमित्त मोठे होते. ताईंच्या मुलाची सोयरीक जमत आली होती. मुलीचे वडील म्हणाले होते, की चार भिंतींत बसून बोलणी करण्यापेक्षा वर जाऊ, देखावा पाहू आणि तिथेच काय ते पक्के करू. मुलीच्या आईचे मात्र डोंगरावर जाण्याकडे फारसे मन दिसले नाही. "आम्ही पाहिलंय ते पूर्वी, सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा," एवढेच त्या म्हणाल्या. पण निघताना दारात थांबून त्यांनी ताईंचा हात हातात घेतला. "घरच्या सगळ्यांना आणा हं. तुमच्या धाकट्या बहिणीलाही आणा. कुणालाही मागे ठेवू नका." सोयरीक अजून व्हायची होती, पण ताई मनातल्या मनात त्यांना विहीणबाई म्हणू लागल्या होत्या, म्हणून आपणही तसेच म्हणू.

धाकट्या बहिणीचे नाव निघताच ताईंनी आपला हात सोडवून घेतला.

तिला सगळे बेबी म्हणत. केस पांढरे झाले तरी ती बेबीच राहिली. लहानपणी आलेल्या एका तापाने तिची वाढ जागच्या जागी थांबवली होती. एकेक शब्द ती दगड उचलावा तसा उचलून मांडत असे. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळे, म्हणून गळ्याशी रुमाल बांधलेला असे. आणि हसू आले की वेळकाळ न पाहता ती मोठ्याने, घोगरे हसे. आई गेल्यापासून ताईंनीच तिचे सारे केले. न्हाऊ घालणे, भरवणे, छातीला निलगिरीचे तेल चोळणे, यांत त्यांनी कधी कसर ठेवली नाही. फक्त दाराची घंटा वाजली की त्या तिला आतल्या खोलीत नेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे त्या स्वतःला सांगत. बहीण ही मूठ नव्हे, माणूस आहे, हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

आतल्या खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसे. बेबी दिवसभर वेताच्या खुर्चीत बसून पिवळे पाळणे पाही. तिच्या श्वासाने काच धूसर होई, मग ती बोटाने एक खालीवर रेघ ओढी आणि त्या रेघेतून बघे. एखादा पाळणा माथ्याआड गेला, की म्हणे, "गेला." असे कितीतरी वर्षे चालले होते.

आणि आता ताई जेवणाच्या टेबलावर कप उपडे घालून कोण कोणत्या पाळण्यात बसणार याची आखणी करत होत्या, तेव्हा बेबीने हात लांबवून एका कपावर बोट ठेवले.

"मी. खिडकी."

"वा, मावशी! सगळ्यात चांगली जागा पटकावलीस की," मुलगा म्हणाला. "आई, मी उचलून घेईन तिला चढताना. तू काळजी करू नकोस."

"शाल," बेबी म्हणाली. "ताई, जागा धर."

ही त्या घरातली जुनी रीत होती. वडिलांच्या बदल्या सारख्या होत. लहानपण प्रवासात गेले. गाडी आली की ताई आधी आत शिरत आणि बेबीची शाल बाकावर टाकून जागा धरत. कुणी विचारले तर ठणकावून सांगत, "येतेय ती मागून!" मग वडील बेबीला कडेवर घेऊन येत. धरलेल्या जागेवर दुसऱ्याने बसायचे नाही आणि ज्याची जागा धरली त्याला घेतल्याशिवाय निघायचे नाही, असा दंडक होता. बेबीच्या मनाने त्यातून वेगळाच अर्थ घेतला. ताईने शाल जिथे घातली, तिथे आपण आहोतच, असे तिला वाटे. पुढे ती आजारी पडून अंथरुणाला खिळली, की ताई तिची शाल स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टाकत. "मी तिकडे. ताईजवळ," असे म्हणून ती आतल्या खोलीत शांत पडून राही आणि स्वयंपाकघरात कुठले भांडे कुठे ठेवले, तेही बरोबर सांगे. घरच्यांना वाटे, आवाजावरून सांगत असेल.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी तिला न्हाऊ घातले, नवे कपडे काढून ठेवले. त्यांचे मन खरोखरच तिला नेण्याचे होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण रात्री त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा तोच एक पाळणा येऊ लागला. दार बंद, बाहेर जाण्याची सोय नाही आणि त्या एवढ्याशा जागेत विहीणबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, हसणारी, लाळ गाळणारी बेबी.

सकाळी त्यांनी नवे कपडे पुन्हा कपाटात ठेवले.

"बेबी, आज रोपवे बंद आहे. दुरुस्ती."

टेलिफोन कचेरीत आयुष्यभर त्या लोकांना हेच सांगत आल्या होत्या. 'लाइन बंद आहे, दुरुस्ती चालू आहे.' जीभ अडखळली नाही.

बेबीने खिडकीकडे पाहिले. पिवळा पाळणा संथपणे वर चालला होता. "चालू," ती म्हणाली.

"रिकामे चालवून बघतायत. माणसं घेत नाहीत."

बेबीने ते लगेच मानले. ताई खोटे बोलू शकते ही गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. डॉक्टरांनी रात्रीसाठी दिलेली झोपेची गोळी ताईंनी दुधात विरघळवली आणि कप तिच्या ओठांना लावला. मग त्यांनी खिडकीची झडप ओढून घेतली.

"मी जरा कामाला जाऊन येते."

पापण्या जड होत असतानाही बेबीने अंगावरची शाल काढली आणि त्यांच्या हातात कोंबली. "बाहेर थंडी. घे." आणि मग, "परत आण."

ताईंनी ती घेतली. न घ्यावी, तर काय सांगायचे? निलगिरीच्या वासाची ती मऊ राखाडी शाल हातावर टाकून त्या जिना उतरल्या, तेव्हा आपला चेहरा कुणी पाहू नये असे त्यांना वाटत होते.

रोपवेपाशी मुलगा आणि होणारी सून आधीच आलेली होती. "मावशी?" मुलाने विचारले.

"रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता तिच्या. आत्ता कुठे लागलाय. शेजारीण बघेल मधूनमधून."

मुलाचा चेहरा पडला. "मग आपण एकदा फक्त मावशींसाठी येऊ," होणारी सून म्हणाली आणि दोघे पुढच्या पाळण्यात बसून निघून गेली.

मागच्या पाळण्यात ताई, विहीणबाई आणि त्यांचे यजमान चढले. व्याही अंगाने चांगले भरलेले होते. "माझ्या बाजूला पाळणा कलला तर कुणी हसायचं नाही," असे बजावून ते विहीणबाईंच्या शेजारी बसले. ताईंच्या बाजूची, खिडकीजवळची जागा रिकामी राहिली. विहीणबाईंनी त्या जागेकडे पाहिले आणि मग ताईंकडे.

"तुमची बहीण कुठे आहे? मागे ठेवलीत?"

आवाजात रोष नव्हता. पण नजर अशी काही होती, की ताईंनी तयार ठेवलेल्या उत्तराऐवजी लहानपणीचेच शब्द आपोआप बाहेर पडले. "येतेय ती मागून."

हातही तसाच आपोआप हलला. त्यांनी शाल उलगडली आणि खिडकीजवळच्या जागेवर घातली.

दार लागले. पाळणेवाल्याने आत एक नजर फिरवली आणि मूठ ओढली. टोल पडला. दुसरा. तिसरा. मग त्याने पुन्हा एकदा खिडकीतून डोकावून पाहिले, मान डोलावली आणि चौथा टोल दिला.

"अहो, पण त्या आल्या नाहीत ना अजून?" विहीणबाई म्हणाल्या.

"पुढच्या पाळण्यात येईल," ताई म्हणाल्या. पाळणा हेलकावा घेऊन जमिनीवरून उचलला गेला.

पहिल्या खांबापाशीच धुके आले. ऊन विझले. शहर, रस्ते, घरांची छपरे, सारे पुसले गेले आणि चौफेर फक्त दुधी पांढरेपणा उरला. तारेची घरघर तेवढी डोक्यावरून येत होती.

"मी इकडे असताना पाळणा तिकडे कसा कलतोय?" व्याही गमतीने म्हणाले. पाळणा खरोखरच ताईंच्या बाजूला कलला होता. आत निलगिरीचा वास दाटत चालला होता. शालीचाच असणार, असे ताईंनी मनाला सांगितले आणि नजर समोर ठेवली.

मग विहीणबाई हळूच म्हणाल्या, "ती काच..."

शालीच्या जागेमागची काच आतून धूसर होत होती. एक लहानसा ढग काचेवर उमटे, विरे, पुन्हा उमटे. त्या ढगाच्या मधोमध हळूहळू एक रेघ पडली. खालीवर. बोटाएवढी रुंद.

"दमट हवा आहे," ताई म्हणाल्या.

वरच्या फलाटावर म्हातारा पाळणेवाला उभा होता. त्याचे डोळे ढगाळ होते आणि कान पाळण्याकडे लागलेले होते. त्याने हात पुढे केला आणि व्याह्यांना उतरवले. हात पुढे केला, विहीणबाईंना उतरवले. ताईंना उतरवले. मग त्याने चौथ्यांदा हात पुढे केला.

"या बाई... सावकाश... पाय इथं ठेवा."

त्याची बोटे कशाभोवती तरी मिटली. तो वाकला, भार पेलणाऱ्या माणसासारखा थोडा मागे झुकला आणि पाऊलपाऊल चालत भिंतीजवळच्या बाकापाशी गेला.

"फार गार हात आहे यांचा," तो म्हणाला. "बसा इथं. तुमच्याबरोबरच्याच ना या?"

प्रश्न ताईंना होता. त्यांनी बाकाकडे पाहिले नाही. पाहिले, तर काहीतरी कबूल करावे लागेल, एवढेच त्यांना कळत होते.

"आमच्याबरोबर कुणी नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तुमची बहीण..." विहीणबाई चाचरत म्हणाल्या.

"ती नाही यायची. बरं नाही तिला. मी आपलं उगाच... चला, उशीर होतोय."

व्याही कठड्याच्या दिशेने चालू लागले होते. विहीणबाई मात्र पांढऱ्याफटक चेहऱ्याने क्षणभर जागीच थांबल्या. त्याही बाकाकडे पाहत नव्हत्या. हे ताईंच्या ध्यानात आले. पण स्वतःच्या लाजेत बुडालेल्या माणसाला दुसऱ्याची लाज ओळखू येत नाही.

कठड्यापाशी देखावा असा काही नव्हताच. धुक्यात उभे राहून बोलणी झाली. व्याही हसले, मुले लाजली, सगळे पक्के ठरले. ताईही हसल्या. तेवढ्यात मागच्या फलाटावरून एक पाळणा सुटल्याची घरघर आली आणि तिच्यामागोमाग धुक्यातून एक घोगरा, ओळखीचा आवाज आला.

"गेला."

विहीणबाईंनी ताईंचा दंड धरला. "कोण... कोण हाक मारतंय?"

"वारा आहे," ताई म्हणाल्या.

परत निघताना म्हाताऱ्याने पाळण्याचे दार धरून ठेवले. "एक बाई बसून राहिल्यात हो. केव्हापासून तुमच्या आवाजाकडे तोंड करून बसल्यात."

ताईंनी पाळण्यात पाय ठेवला. "त्या दुसऱ्या कुणाच्या तरी असतील."

वरून टोल पडले. एक, दोन, तीन. ताईंनी ते नीट मोजले आणि त्यांना हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याचीच त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली. शाल वरच राहिल्याचे त्यांच्या ध्यानात आले ते घराचा जिना चढताना.

बेबी वेताच्या खुर्चीत बसलेली होती. झडप बंद होती. शेजारीण म्हणाली, "दिवसभर गाढ झोपल्या होत्या, ताई. आवाज नाही की हालचाल नाही." पण बेबीचे डोळे उघडे होते आणि तिच्या पांढऱ्या केसांवर पाण्याचे बारीक थेंब चमकत होते. ताईंनी हात लावला. केस ओले होते आणि हात बर्फासारखे गार.

"बेबी?"

बेबीने उत्तर दिले नाही. तिने पाहिलेही नाही.

डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, छाती ठीक. "वय झालं, ताई. अशी माणसं कधी कधी गप्प होतात." मुलाने विचारले, "आई, सकाळी तिला काही वेगळं औषध दिलं होतंस का?" ताई म्हणाल्या, "छे." एका खोट्याला झाकायला दुसरे खोटे लागते.

दिवस जात राहिले. भरवले तर बेबी गिळे. उभे केले तर उभी राही. खिडकी उघडली तरी पाळण्यांकडे बघत नसे, आणि काच तिच्या श्वासाने धूसर होत नसे. लाळ थांबली. हसू थांबले. गळ्याचा रुमाल कोरडा राहू लागला. ताई दर संध्याकाळी तो कोरडा रुमाल सोडत आणि तसाच हातात धरून बसून राहत.

मग विहीणबाई विचारपूस करायला आल्या. दाराची घंटा वाजली. पण बेबीला आत न्यायचे ताईंना सुचले नाही. विहीणबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"किती शांत आहेत हो या! आणि किती नीटनेटक्या. तुम्ही उगाच लपवत होता."

तो शब्द ताईंच्या काळजात घुसला. हीच बेबी त्यांना हवी होती. चार लोकांत बसवता येईल अशी. ती आता पुढ्यात बसलेली होती, आणि तिच्यात बेबी नव्हती. जनाची लाज राखता राखता मनाची लाज केव्हा सुटली, हे त्यांना कळले नव्हते.

"ही अशी नव्हती," ताई म्हणाल्या. मुलगा चहा घेऊन आला होता. त्याच्यासमोरच त्या बोलू लागल्या, कारण आता थांबले तर पुन्हा बोलता आले नसते. "ही हसायची. खूप मोठ्यानं. मला तिची लाज वाटली. मी तिला खोटं सांगितलं, गोळी देऊन झोपवलं... आणि तरी ती आली. मी जागा धरली होती ना, म्हणून आली. आणि वर त्यानं विचारलं, तर मी म्हटलं आमची कुणी नाही. मी तिला वर सोडून आलेय."

मुलाने ट्रे खाली ठेवला. तो मावशीजवळ जाऊन बसला. विहीणबाईंनी कपाला हात लावला नाही.

"आणि ती..." त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारले, "ती तिथे एकटीच होती का?"

हा प्रश्न विचित्र होता. पण ताई तोवर चपला घालत होत्या.

माथ्यावर पोचल्या तेव्हा दिवस कलला होता आणि परतीच्या लोकांची रांग लागली होती. म्हाताऱ्याने आवाजावरून त्यांना ओळखले. "बसल्यात अजून," तो म्हणाला. "प्रत्येक पाळण्याला उठतात, दार लागलं की परत बसतात. मी विचारलं, कुणाची वाट बघता? म्हणतात, ताई."

बाकावर शाल होती. राखाडी, धुक्याने भिजलेली. ती पसरलेली नव्हती आणि पडलेलीही नव्हती. वरच्या बाजूला ती खांद्यांएवढी रुंद उभी होती. या खेपेला ताईंनी नजर वळवली नाही.

रांगेतली माणसे पाहत होती. कुणी तरी हसले. ताईंनी आयुष्यभर ज्या हसण्याची धास्ती घेतली होती, तेच हे हसणे. त्या बाकापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाल्या, "ही माझी बहीण आहे. माझ्याबरोबर आलेली आहे. मी हिला घ्यायला आलेय." मग खाली वाकून, "बेबी, चल गं. जागा धरलीय तुझी."

शाल त्यांच्या हातात आली. तिला वजन होते.

पाळण्यात त्यांनी ती खिडकीजवळ ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या. म्हाताऱ्याने टोल दिला. एक. मग दोन. ताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या पुसण्यासाठी त्यांनी हात उचलला, तेवढ्यात तिसरा टोल पडला.

"अहो, दोघीच आहोत!" त्या ओरडल्या. पण दार लागले होते आणि पाळणा धुक्यात शिरला होता. समोरचे बाकडे रिकामे होते. त्यामागची काच मात्र आतून धूसर होऊ लागली होती. खाली, अगदी खाली, म्हातारपणी कमरेत वाकलेल्या माणसाचे तोंड जिथे येईल तिथे. ताईंनी शाल छातीशी धरली आणि खाली येईपर्यंत डोळे मिटून घेतले. खालच्या पाळणेवाल्याने त्यांना हात दिला, मग शालीला दिला, मग तिसऱ्यांदा हात पुढे करून उभा राहिला. ताई मागे न पाहता चालू लागल्या.

दार उघडताच आतून ते हसणे ऐकू आले. घोगरे, मोठे, वेळकाळ न पाहणारे. "ताई!" बेबीने हात पसरले. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. ताईंनी ती आपल्या पदराने पुसली आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून रडल्या. मुलगा दाराशी उभा होता. तो पुढे आला आणि आईच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसला.

"घे, तुझी शाल. म्हणाली होतीस ना, परत आण."

बेबीने शाल घेतली, पण पांघरली नाही. तिने शेजारची मोकळी खुर्ची ओढली आणि शाल काळजीपूर्वक तिच्यावर पसरली.

"अगं, थंडी आहे. पांघर की."

"तिची," बेबी म्हणाली.

"कुणाची?"

"वर होती. म्हातारी." बेबी एकेक शब्द उचलून मांडत होती. "तिची माणसं... म्हणाली... येतोच. मी म्हटलं... चल. ताई जागा धरते."

त्या घरात धरलेल्या जागेवर दुसरे कुणी बसत नसे. ती खुर्ची तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी, उन्हे खिडकीत असतानाच, दाराची घंटा वाजली. ताईंनी बेबीला आत नेले नाही. दार सताड उघडले. विहीणबाई हसत आत आल्या. "ऐकलं मी, बरं वाटतंय म्हणे आता..." असे म्हणत त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या आणि थबकल्या.

त्यांनी बेबीकडे पाहिलेच नाही. त्या शालीकडे पाहत होत्या. हात आपोआप डोक्यावरचा पदर पुढे ओढू लागला, एखादी सून वडीलधाऱ्यांपुढे ओढते तसा.

"विहीणबाई... काय झालं?" ताईंनी विचारले.

बेबी आनंदाने हसली. शेजारच्या खुर्चीकडे वाकून, तिच्या कानाशी लागावे तसे ती म्हणाली, "आल्या बघ."

आणि शाल घातलेल्या त्या रिकाम्या खुर्चीने, कुणी तरी हळूहळू उठत असल्यासारखा, करकर आवाज केला.